उजव्या पानावरचं उत्तर

कुंदा, काल तुझी तेरवी झाली. पंगत चांगली उठली. वांग्याची भाजी जरा जास्तच तिखट होती, म्हणजे तुला आवडली असती. पवनीच्या तुझ्या घरापुढे मांडव घातला होता, नागपूरहून गाड्या भरून माणसं आली होती, आणि जेवणं झाल्यावर एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलू लागला. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते काल मी कानांनी ऐकलं. म्हशीवर तू चिडली असतीस, पण आता तुझा इलाज नाही. नागपूरच्या कलासंस्थेचे ते सर, जे तुला पाठीमागे 'पवनीची भांडकुदळ बाई' म्हणायचे, ते माईक धरून म्हणाले, "कुंदाताईंची लेखणी मायाळू होती." मायाळू! मी हार घातलेल्या तुझ्या फोटोकडे पाहिलं. फोटोतही तू कपाळाला आठी घालूनच बसली आहेस. मला जरा बरं वाटलं.

मलाही बोलायला उठवलं. मी हात जोडून नको म्हटलं. लोकांना वाटलं, जिवाभावाची मैत्रीण, दुःखाने बोलवत नाही. दुःख होतंच. पण त्याहून मोठा संताप होता आणि तो तुझ्यावर होता, तेव्हा तुझ्या नवऱ्यासमोर आणि लेकासमोर तो कसा काढणार? म्हणून इथे काढते. इथे म्हणजे आपल्या 'बांधी' या कलेच्या त्रैमासिकाच्या या अंकात, उजव्या पानावर. डाव्या पानावर माझ्या पितळेच्या कामावरचा तुझा लेख आहे, तू लिहिलेला शेवटचा. माझं उत्तर आल्याशिवाय तो छापता येत नव्हता, तो छापल्याशिवाय अंक निघत नव्हता, आणि उत्तर येण्याआधी तू निघून गेलीस. हे ते उत्तर आहे.

तेरवीला आलेल्या पाहुण्यांपैकी काहींच्या हातात 'बांधी'चा अंक पहिल्यांदाच पडेल, म्हणून आपला नियम सांगून टाकते. तुला पाठ आहे, तरी ऐक. कुठल्याही चित्रकारावर, शिल्पकारावर आपल्याकडे कोणी लिहिलं, की तो लेख आधी त्याच माणसाकडे पाठवायचा. त्याने उत्तर द्यायचं. लेख डावीकडे, उत्तर उजवीकडे, दोघांना सारखी जागा. लेखातला शब्द त्याने बदलायचा नाही, त्याच्या उत्तरातला आपण बदलायचा नाही. आणि उत्तराला पुन्हा उत्तर नाही. शेवटचा शब्द ज्याच्यावर लिहिलं त्याचा.

हा नियम तू पवनीला राहायला जाण्याआधी, जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून केलास. तुझा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, फॅक्टरीच्या बसने ड्युटीवर गेलेले होते आणि तू कणीक मळत होतीस. "पाठीमागं बोलाचं असन तं बाया बोलतेतच की चौकात बसून," तू म्हणालीस. "त्याच्यासाठी छापखाना कायले पायजे? आपन तोंडावर बोलू. अन् मंग त्याचंही आयकून घेऊ." मला तेव्हा ते फार थोर वाटलं होतं. भंडाऱ्यातल्या भांड्यांच्या दुकानदाराची सून मी, चित्रकलेचा डिप्लोमा ट्रंकेत घालून गल्ल्यावर बसलेली. मला तेव्हा तुझं सगळंच थोर वाटायचं.

खरं तर आपली ओळखच भांडणाने झाली. जवाहरनगरच्या महिला मंडळाची रांगोळी स्पर्धा होती, मी नणंदेकडे पाहुणी म्हणून गेलेली, हौसेने बसले. परीक्षक तू. सगळ्या रांगोळ्या पाहून झाल्यावर तू जाहीर केलंस की यंदा कोणालाच बक्षीस नाही, कारण सगळ्या पाहून काढलेल्या आहेत. बायका हबकल्या. मी तुझ्या मागे क्वार्टरपर्यंत गेले आणि फाटकात उभी राहून तुला म्हटलं, "माझी पाहून काढेल नव्हती." तू म्हणालीस, "मालूम आहे. तुही रांगोळी वाईट होती." आणि चहा टाकलास. त्या दिवसापासून मी तुला सोडलं नाही. तू मला सोडलंस की नाही ते मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं.

नियम थोर होता, पण त्याने आपल्याला किती छळलं ते एकदा छापून येऊ दे. कलाकार उत्तरच देत नसत. ज्याच्यावर चांगलं लिहिलं तो लगेच उत्तर धाडे, आणि ते वाचून तूच वैतागायचीस. ज्याच्यावर वाईट लिहिलं तो गप्प बसे, आणि अंक अडकून राही. त्रैमासिक म्हणवणारा आपला अंक वर्षातून दोनदा आला तरी वर्गणीदार नशीब समजत. मी म्हणायची, "एकदा मुदत ठरवून दे. नाही आलं उत्तर, तर पान कोरं सोड आणि काढ अंक." तू म्हणायचीस, "कोरं पान सोडलं तं लोक म्हनतीन आपनच जिंकलो." यावर आपण दुकानाच्या पोटमाळ्यावर, आपल्या त्या कार्यालयात, कितीदा भांडलो असू. खाली गिऱ्हाईक परातीला टिचकी मारून आवाज पाहत असे आणि वरून तुझा आवाज त्याच्याही वर चढलेला असे. आमचे हे खालून ओरडायचे, "अवो, थोडं हळू, लोकाइले वाटते घरात बाईले मारून राहिले." ते भांडण मिटलंच नाही. मी अजूनही म्हणते की मुदत हवी होती. मुदत असती, तर हा अंक उन्हाळ्यातच निघाला असता आणि तू तो पाहिला असतास.

नावापासूनच आपली फजिती होती म्हणा. आमच्या झाडीपट्टीत बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे खतवाल्यांनी जाहिराती देऊ केल्या, आणि लाखांदुरकडच्या एका माणसाने धानावरच्या तुडतुड्याला काय फवारावं म्हणून विचारलं. मी हसले. तू भाऊजींच्या शेती करणाऱ्या भावाला विचारून त्याला व्यवस्थित उत्तर पाठवलंस, आणि सोबत अंकही पाठवलास. पुढे तो माणूस आपल्या प्रत्येक प्रदर्शनाला येऊ लागला. मागच्या कोपऱ्यात उभा राहायचा, काही बोलायचा नाही, जाताना तुला नमस्कार करून जायचा. कालही आला होता. त्याला मात्र कोणी बोलायला सांगितलं नाही.

प्रदर्शनांचं मात्र तुझं मानते. राइस मिलच्या रिकाम्या गोदामात मोठ्या शहरांतल्या चित्रकारांची कामं लावायची हे दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आलं नसतं, आणि आलं असतं तर कोणी केलं नसतं. रिक्षावर भोंगा लावून तू भंडाऱ्याच्या गल्ल्यांतून "समकालीन चित्रकला! बघायला या, फुकट आहे!" असा पुकारा करवलास, आणि साड्यांचा सेल असावा तशा बायका लेकरं घेऊन आल्या. बडोद्याहून आलेला तो मुलगा आठवतो? मौन धरून बाजारात कोंड्याच्या ढिगावर डोळे मिटून बसला. बाया येऊन विचारू लागल्या, "भाऊ, कोंडा कसा देल्ला?" तो बोलेना. शेवटी तूच मागून ओरडलीस, "विकाचा नाई हो, कला आहे ते!" त्यावर एक म्हातारी म्हणाली, "मंग घरी ने बाप्पा, म्हशीले चार." तू इतकी हसलीस की तुला खाली बसावं लागलं. कुंदा, त्या दिवसासाठी मी तुझी आभारी आहे. माझ्या आयुष्यात गल्ला आणि गिऱ्हाईक यांच्यापलीकडे जे काही घडलं ते सगळं तू ओढून आणलंस.

पण म्हातारीचं ते वाक्य तू पुढच्या अंकात समीक्षा म्हणून छापलंस, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं. कोणीही काहीही बोललं की ते तुला ब्रह्मवाक्य वाटायचं, फक्त ते गावातल्या माणसाने बोललेलं हवं. मी म्हटलं, "अवं, ते म्हातारी थट्टा करून राहिली होती." तू म्हणालीस, "तुह्या दुकानात गिऱ्हाईक बोलते ते तू आयकत नाई का?" मी म्हटलं, "आयकाचं, पण छापाचं कायले?" तू रुसलीस आणि आठवडाभर पोटमाळ्यावर आली नाहीस. मग एक दिवस दुपारी आलीस, कालच उठून गेल्यासारखी बसलीस, आणि प्रुफं तपासायला लागलीस. आपली भांडणं अशीच मिटत आली. कोणी माफी मागायची नाही, कोणी विषय काढायचा नाही. या वेळीही मी त्याच हिशेबाने थांबले होते.

आता मुद्द्यावर येते. मोडीत आलेली पितळेची भांडी घेऊन मी काहीतरी करते आहे हे तुला माहीत होतं, पण तुला दाखवत नव्हते. रांगोळीची आठवण होती. आमच्याकडे बायका जुने गुंड, गंज, घागरी अशी पाण्याची, स्वयंपाकाची भांडी मोडीत घालायला आणतात. लग्नात आलेल्या त्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात. कोणाच्या मामाने दिलेलं, कोणाच्या मावशीने दिलेलं, खाली नवरीचं नाव. मी त्यातली बरीच भांडी वितळायला जाऊ दिली नाहीत. दुपारी गच्चीवर बसून ती कापली, ठोकून सपाट केली, नावं असलेले तुकडे चिंचेने घासले आणि खिळे मारून एकमेकांना जोडले. अशी उंच भिंत झाली, सगळी बायकांच्या नावांची. गेल्या हिवाळ्यात, धान आत यायच्या आधी, मिलच्या गोदामात ती उभी केली. लोक आपापल्या आयांची, आत्यांची नावं शोधत होते. एका बाईला तिच्या सासूचं नाव सापडलं आणि ती तिथेच रडू लागली. मी तुझ्याकडे पाहिलं. तू भिंतीपुढे हात मागे बांधून कितीतरी वेळ उभी होतीस. वाटलं, आवडलं असणार.

थोड्या दिवसांनी तू पोटमाळ्यावर आलीस आणि चार पानं माझ्यापुढे ठेवलीस. "तुह्यावर लिवलं. उत्तर दे," म्हणालीस आणि लगेच निघालीस, चहाही घेतला नाहीस. डावीकडे लेख आहेच, वाचणारे वाचतील, पण ज्या ओळीने मला आग लागली ती इथेही लिहिते. 'मोडीत निघालेल्या भांड्याला पोचे असतात, तळ जळलेला असतो, ज्या बाईने ते वापरलं तिच्या दिवसांची त्यावर खूण असते. मंगलाने पोचे ठोकून काढले, जळलेलं घासून काढलं, आणि भिंत अशी उजळवली की जणू या बायांचं कधी काही बिनसलंच नव्हतं. हे काम सुंदर आहे आणि भित्रं आहे.'

भित्रं. ज्या मंगीला तू गल्ल्यावरून उठवून उभं केलंस, तिचं पहिलं काम, आणि तू भित्रं म्हणालीस. वर सुंदर म्हणालीस, ते तर त्याहून वाईट. मी ती पानं डाळीच्या डब्यामागे ठेवली आणि ठरवलं की आता वेळ घेणार. नियमाला मुदत नाही म्हणणारी तूच, तर आता थांब.

तू थांबलीस. एकदा दोनदा फोनवर विचारलंस, "उत्तर लिवलं का वं?" मी म्हटलं, "लिवून राहिली." तू म्हणालीस, "बरं." फोन लांबेना. आधी तू तासन्‌तास बोलायचीस, कोणाचं प्रदर्शन कसं फसलं, कोण कोणाची नक्कल करतं. आता दोन वाक्यांत संपू लागलं. मला वाटलं, तूही ताणते आहेस. मग एक दिवस भंडाऱ्याच्या स्टँडवर तू मला दिसलीस. पवनीहून येऊन नागपूरच्या गाडीत चढत होतीस. वाळल्यासारखी दिसलीस, पण उन्हाळा होता, सगळेच वाळतात. हाताखाली तो मोठा, रुंद, कडक लिफाफा. तसल्या लिफाफ्यातून आपल्याकडे आजवर काय आलं? चित्रांचे मोठे प्रिंट. आपण दोघींनी असले लिफाफे शेकड्यांनी फोडले. मला दुसरं काही सुचलंच नाही. मी हाक मारली, तू दचकलीस. मी विचारलं, "काय आहे त्यात?" तू म्हणालीस, "प्रिंट आहेत. नागपूरच्या सरांना दाखवाचे आहेत." आणि गाडी सुटली.

मी तिथेच जळले. वाटलं, बाई आता 'बांधी' नागपूरवाल्यांच्या घशात घालते. ते सर कितीतरी दिवसांपासून मागे लागले होतेच, की अंक आमच्या संस्थेकडे द्या, गुळगुळीत कागदावर काढू. मी घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, "तिनं अंक विकला." ते म्हणाले, "विचारून तं पाहय." मी म्हटलं, "मी कायले विचारू? तिनं सांगाले पायजे." उन्हाळाभर मी तुझ्यावर या गोष्टीसाठी धुमसत होते. त्या लिफाफ्यात दवाखान्यात काढलेले तुझ्या पोटाचे फोटो होते, हे तू गेल्यावर कळलं. दुसऱ्या कोणी तो लिफाफा पाहिला असता तर विचारलं असतं, बाई, बरं नाही का? मला तो चित्रांचा वाटला, आणि माझा हा गैरसमज होणार हे ओळखून तू बेधडक खोटं बोललीस. इतकी तू मला ओळखत होतीस. याचा राग कसा गिळायचा ते सांग.

तुझ्या अनिकेतचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाला समई दाखवत होते. "मावशी, आई गेली," तो म्हणाला. मी विचारलं, "कुठे गेली?" झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ इतकी झाकायची? तुझा लेक पुण्याहून येतो, नवरा तुला दवाखान्यात नेतो आणतो, शेजारपाजार डबे देतो, आणि मी, जी तुझी साडीसुद्धा लांबून ओळखते, तिला तू शेवटच्या दिवशीसुद्धा कळवू दिलं नाहीस. पवनीला पोहोचले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं. मी रडले नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या.

काल भाषणं झाल्यावर अनिकेत आणि ते सर मला बाजूला घेऊन बसले. सर म्हणाले, संस्था 'बांधी'चा स्मृतिविशेषांक काढेल. मोठमोठ्या लोकांच्या आठवणी मागवल्या आहेत, रंगीत छपाई, नागपूरला प्रकाशन. जुळवून ठेवलेला मजकूर तेवढा द्यावा. अनिकेत जरा चाचरत म्हणाला, "मावशी, फक्त तो तुझ्यावरचा लेख नको घ्यायला. आईचा शेवटचा लेख असा कडू... लोकांना वाटेल तुमचं बिनसलं होतं." पोरगा चांगला आहे. माझ्याच भल्याचं बोलत होता. आणि तुला सांगते, क्षणभर मलाही तेच हवं होतं. तो लेख गडप झाला असता, 'भित्रं' कोणी वाचलं नसतं, वर मी तुझी लाडकी मैत्रीण म्हणून पहिल्या पानावर आले असते. मी म्हटलं, "सांगते विचार करून."

हात धुवायला परसात गेले, तर तिथे भाऊजी उभे होते. तांब्याने माझ्या हातावर पाणी घालू लागले. म्हणाले, "मंगलाताई, तुमचं उत्तर झालं का?"

मी म्हटलं, "कशाचं उत्तर, भाऊजी, आता?"

"कुंदा रोज विचारे. दवाखान्यातही विचारे. मंगीचं पाकीट आलं का म्हने."

"अन् मंग मले काहून नाई सांगतलं कोणी?" माझा आवाज चढला. परसात भांडी घासणाऱ्या बाया वळून पाहू लागल्या.

"शपथ घातली होती तिनं. म्हने, मंगीले सांगू नका. तिले कळलं तं ते रडत येईन अन् चांगलं चांगलं लिवून देईन. मले तिचं खरं पायजे."

"अन् तुम्ही आयकलं?"

"जनमभर आयकलं, ताई. शेवटी कसा मोडू?" भाऊजी म्हणाले, आणि रिकामा तांब्या तसाच धरून उभे राहिले.

मी परत मांडवात गेले आणि सरांना सांगितलं की विशेषांक तुम्ही खुशाल काढा, पण त्याचं नाव 'बांधी' असणार नाही. 'बांधी'चा हा अंक भंडाऱ्यातून निघेल, आपल्या नेहमीच्या कागदावर, आणि तिचा लेख डाव्या पानावर येईल, एकही शब्द न गाळता. सर म्हणाले, "ताई, भावनेच्या भरात बोलू नका." मी म्हटलं, भावना नाही, नियम आहे. निघताना अनिकेत गाडीपर्यंत आला आणि म्हणाला, "मावशी, मला एक अंक पाठव."

तेव्हा आता तुझ्या लेखाचं. तू म्हणतेस मी पोचे काढले ही भीती. आमच्या दुकानात बाई मोडीचं भांडं घेऊन येते, तेव्हा ते माझ्या हातात देण्याआधी पदराने पुसते. वितळायला चाललेलं भांडं, तरी पुसते. पोचा असेल तिथे तळहात ठेवते आणि म्हणते, "पोरानं पाडलं हो." कोणी पाडलं, कोणी आपटलं, कोणाच्या रागात आपटलं, ते तिचं तिला माहीत. ती स्वतः पोचा झाकून देते आहे. मग तिचं नाव भिंतीवर लावताना तो उघडा करायचा, तो कोणाला विचारून? तुला? पोचा दाखवला की धाडस आणि घासून ठेवलं की भीती, हे तू कुठल्या चित्रांत पाहिलंस? त्या गोदामात सासूचं नाव सापडून रडणाऱ्या बाईला पोचा दाखवावा लागला नाही. तिला तो माहीत होता. मी नाव उजळ करून दिलं, एवढंच माझं काम होतं, आणि ते मी मुद्दाम केलं.

तळाबद्दल मात्र तुझं बरोबर आहे. जळलेले तळ मी घासायला नको होते. ते काळेच लावायला हवे होते, नावांच्या मध्ये मध्ये. तू पुढ्यात असतीस तर मी हे मान्य केलं नसतं, पण छापून येतंय तर खरं येऊ दे. पुढची भिंत करेन तेव्हा तळ तसेच ठेवेन. ती पाहायला तू नाहीस, याचं मला इतकं वाईट वाटतं की पुढचं वाक्य लिहायला मला गल्ल्यावरून उठून आत जावं लागलं.

आपल्या नियमात उत्तराला उत्तर नाही. शेवटचा शब्द माझा. इतक्या वर्षांत तुझ्यापुढे एकदाही मला तो मिळाला नव्हता, आता मिळाला तर मिळाला. तू चुकलीस, कुंदा. भिंतीबद्दल चुकलीस की नाही ते वाचणारे ठरवतील. माझ्याबद्दल चुकलीस. मला कळलं असतं तर मी आले असते, रडतच आले असते, आणि दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून हेच उत्तर लिहिलं असतं, एक शब्दही गोड न करता. वर तुला मोठ्याने वाचून दाखवलं असतं.